रात्री जमलेली एफ कॉर्ड सकाळी कुठे जाते?

लक्षण

रात्री जेवणं उरकली, गिटार मांडीवर घेतली, सी कॉर्डवरून एफ कॉर्डवर जायचा सराव सुरू केला (कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवायचे काही सूर). पहिली दहा मिनिटं निम्म्या तारा मुक्या. मग हळूहळू बोटांना वाट सापडते आणि पाऊण तासाने कॉर्ड अशी खणखणीत लागते की बायको स्वयंपाकघरातून डोकावून बघते. समाधानाने गिटार ठेवून झोपावं. दुसऱ्या दिवशी उचलावी, पहिला फटका मारावा, तर पुन्हा तीच खरखर. पुन्हा पाऊण तास, पुन्हा जमलं, पुन्हा सकाळी गायब.

हे दोन महिने चाललं की माणूस ठरलेल्या निष्कर्षांवर येतो. माझी बोटं जाड आहेत. वय झालं. संगीत रक्तातच असावं लागतं. मग गिटार कव्हरात आणि कव्हर माळ्यावर.

माझ्याकडे हा बिघाड दीड वर्ष होता. मी भोसरी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे आणि गिटार घेतली ती चाळिशी उलटल्यावर. लाज वाटते ती याची, की नेमका असाच बिघाड कामावर आला असता तर मी तासाभरात ओळखला असता. मशीन गरम झालं की लोण्यासारखं चालतं, पण पहिल्या पाळीला, थंड असताना, ट्रिप होतं. अशा मशीनकडे दुपारी तीनला जाऊन रजिस्टरमध्ये ‘ओके’ लिहिणारा माणूस काय कामाचा? बिघाड सकाळी सहाला दिसतो, तर सहाला तिथे जाऊन उभं राहावं लागतं. गिटारच्या बाबतीत मी दीड वर्ष दुपारी तीनला येणारा माणूस होतो.

आधी वाद्य तपासा

स्वतःला दोष देण्याआधी पाच मिनिटं गिटारला द्या. कधी कधी दोष खरंच तिचा असतो, आणि मग कितीही सराव केला तरी फरक पडत नाही.

एफ (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टाकून धरायची कॉर्ड) पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पहिल्या पट्टीपाशी असते, नटच्या अगदी शेजारी. नट म्हणजे मानेच्या टोकाची, तारा खाचांत बसवणारी पट्टी. नटच्या खाचा उथळ कापलेल्या असतील तर तारा तिथे उंच राहतात आणि दाबायला दुप्पट जोर लागतो. एक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली फट किती ते पाहा. केसाएवढी दिसली तर ठीक. ठसठशीत फट असेल तर खाचा खोल करून घ्याव्या लागतील. ते काम घरच्या कानशीने करू नका, खाच एकदा जास्त कापली गेली की नट बदलण्याशिवाय इलाज नाही. कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) असेल तर आणखी सोपी चाचणी आहे. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा आणि तीच कॉर्ड एक घर पुढे धरा. एकदम सोपी वाटली तर दोष नटचा, तुमचा नाही.

पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, वरची पाटी किंचित फुगते, तारा उंचावतात. जूनपर्यंत बरी वाजणारी गिटार ऑगस्टमध्ये हट्टी वाटते, ती त्यामुळे. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर असेल तर चिंता नको, चारच्या पुढे असेल तर सेटिंग करून घ्या. गंजलेल्या तारा बदला, हे सांगायला नको.

वाद्य ठीक असेल तर पुढे वाचा.

मूळ बिघाड: मीटर चुकीच्या वेळी लावला

सराव करताना जे जमतं ते वेगळं आणि शिकून झालेलं वेगळं. वाक्य साधं वाटतं, पण रॉबर्ट बियर्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आयुष्याचा मोठा भाग या फरकावर घालवला आहे. सरावाच्या शेवटी दिसणारी सफाई ही बरीचशी त्या घटकेची असते. ती टिकणार की नाही हे त्या घटकेला कळतच नाही.

यावरचा जुना आणि गाजलेला प्रयोग १९७९ सालचा, शे आणि मॉर्गन या दोघांचा. लोकांना हाताची एक हालचाल शिकवली होती: ठरलेल्या क्रमाने लाकडी अडथळे पटापट पाडायचे. असे तीन वेगवेगळे क्रम होते. एका गटाने पहिला क्रम पुन्हा पुन्हा करून घोटला, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या गटाला तिन्ही सरमिसळ करून दिले, पुढचा कोणता येईल याचा भरवसा नाही. सराव चालू असताना पहिला गट सरस होता. दहा दिवसांनी पुन्हा बोलावलं तेव्हा सरमिसळ केलेला गट पुढे होता.

कारण एफवरच पाहा. पंचवीसदा सलग एफ धरताना खरं काम पहिल्या वेळेलाच होतं: बोटं कुठे, कुठलं आधी, जोर किती. दुसऱ्यांदा धरता तेव्हा हे सगळं डोक्यात ताजंच असतं, फक्त वापरायचं. तिसऱ्यांदा तेच, चोविसाव्यांदा तेच. म्हणजे कॉर्ड आठवून उभी करण्याचा सराव पंचवीसदा नव्हे, एकदाच झाला. दुसऱ्या दिवशी नेमकं तेच काम करायचं असतं, आणि त्याची सवय नसते.

दुरुस्ती १: पहिला फटका लिहा

बाकी काही केलं नाही तरी एवढं करा. एक वही घ्या. रोज गिटार हातात घेतल्यावर, बोटं मोकळी व्हायच्या आधीच, दुसरं काहीही न वाजवता मेट्रोनोम (टिकटिक ठेका देणारं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर लावायचा आणि सी–एफ असे आठ बदल करायचे. किती एफ स्वच्छ लागल्या तो आकडा तारखेसह लिहायचा. पुन्हा घ्यायचं नाही. ‘हे नव्हतं हं, आता बघ’ असं स्वतःलाच सांगायचा मोह होतो, तो आवरायचा. सरावाच्या शेवटचा आकडा लिहायचाच नाही.

पहिला आठवडा वही वाचवत नाही. माझ्याकडे दोन, एक, दोन, शून्य असे आकडे होते, आणि मनात मात्र ‘एफ तर आता येतेच’ असं पक्कं होतं. दीड वर्षात पहिल्यांदा खरं रीडिंग हाती आलं. त्यानंतर सरावात काय बदल करावा हे त्या वहीनेच सांगितलं, कुठल्या व्हिडिओने नाही.

दुरुस्ती २: क्रम आणि जटा

आता सरमिसळ. सी, एफ, जी, ए मायनर ही चौकडी घ्या. बहुतेक जण ती एकाच ओळीने फिरवत राहतात, शंभर वेळा. त्यात कॉर्ड पाठ होत नाहीत, ओळ पाठ होते. गाण्यात ए मायनरनंतर एफ आली की गाडी रुळावरून उतरते.

वेदपाठशाळेत संहिता, म्हणजे मूळ सलग पाठ, म्हणून झाली की तेच शब्द वेगवेगळ्या जोडण्यांत म्हणायला लावतात. क्रमपाठात एक-दोन, दोन-तीन, तीन-चार. जटापाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन, आणि मग पुढची जोडी. घनपाठ त्याहून गुंतागुंतीचा: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ या छापाचं मला काही म्हणायचं नाही. तिथला उद्देश एक अक्षरही न हलता पाठ जतन करणं हा होता, गिटार शिकणं नव्हे. पण प्रत्येक शब्दाकडे पुढूनही येता यावं आणि मागूनही, ही कल्पना आपल्या कामाची आहे.

तर कॉर्डचा क्रमपाठ: सी-एफ, एफ-जी, जी-ए मायनर. मग जटा: सी-एफ, एफ-सी, सी-एफ, एफ-जी, जी-एफ, एफ-जी. प्रत्येक जोडी दोन-तीनदाच, आणि पुढे. घनपाठ जमला तर मला जरूर कळवा, मी अजून जटेतच अडकलोय.

कॉर्डखेरीज सरावाच्या दोन-तीन गोष्टी असतात, एखादी स्केल (ओळीने वाजवायचे सूर), एखादं स्ट्रमिंग (तारांवर हात फिरवायचा ठेका). त्यांनाही हाच न्याय लावा. प्रत्येकी तीन मिनिटं, मग बदल, मग परत फिरून तीच. मी सापशिडीचा फासा टाकतो: एक-दोन आलं तर एफ, तीन-चार आलं तर स्केल, पाच-सहा आलं तर स्ट्रमिंग. मुलगी हसते, हसू दे.

इथे एक धोक्याची सूचना. पहिल्या दिवशीच हे करू नका. बोटं कुठे ठेवायची हेच माहीत नसताना सरमिसळ केली तर नुसता गोंधळ होतो. कॉर्डचा आकार न बघता धरता येईपर्यंत एकाच जागी सराव चालेल. आणि प्रयोगशाळेबाहेर, खास करून लहान मुलांत, सरमिसळीचा फायदा बराच कमी दिसतो. तेव्हा दहा वर्षांच्या पोराच्या हातात फासा देऊन त्याला छळू नका.

हे केल्यावर वाईट वाटेल

आणि इथेच बहुतेक जण जुन्या पद्धतीकडे परत जातात.

१९७८ साली बॅडले आणि लाँगमन या ब्रिटिश संशोधकांनी टपाल कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास केला. पत्रांची छाननी यंत्रावर होणार होती, त्यामुळे पोस्टमनना टायपिंग शिकायचं होतं. काहींना दिवसाला एकच तास दिला, काहींना दोन तास, आणि एका गटाला दोन-दोन तासांच्या दोन बैठका. रोज एक तासवाले सर्वांत कमी तासांत शिकले. पण पद्धतीवर सर्वांत नाराज कोण होते? तेच. दिवसामागून दिवस चाललेत, बाकीचे पुढे गेले, असं त्यांना वाटत होतं. दिवसांचा हिशेब केला तर ते खरंही होतं; तासांच्या हिशेबात तेच पुढे होते.

सरावानंतर आपल्याला कसं वाटलं हा मीटर खोटा आहे. सलग घोटलं की छान वाटतं, सरमिसळ केली की ‘आज काही जमलं नाही’ असं वाटतं. म्हणून ती वही.

दुरुस्ती ३: रविवारची मॅरेथॉन बंद

हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये विसरण्याचा आलेख मांडला. निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती उरतात ते मोजायचं, वर्षानुवर्षं. सुरुवातीला झपाट्याने विसरतो, नंतर हळू. आणि तेवढाच सराव एका बैठकीत करण्याऐवजी दिवसांवर पसरला तर जास्त टिकतो, हेही त्याच्याच कामातून पुढे आलं.

शिफ्टमधून रोज तास कुठून काढणार? काढू नका. सकाळी चहा उकळेपर्यंत सहा-सात मिनिटं आणि रात्री पंधरा. अट एकच: गिटार कव्हरात नको, हॉलमध्ये स्टँडवर हवी. कव्हराची चेन उघडायचा कंटाळा मी मी म्हणणाऱ्यांना हरवतो. दहा हजार तास सराव केला की माणूस निष्णात होतो, हे गणित डोक्यातून काढून टाका. तो आकडा बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या उत्तम व्हायोलिन विद्यार्थ्यांच्या सरासरीतून आला, १९९३ च्या शोधनिबंधातून, आणि तो नियम म्हणून कधी मांडलाच नव्हता, असं ते संशोधन करणारे अँडर्स एरिक्सन स्वतःच सांगत राहिले.

रात्रीची झोपही सरावाचा भाग धरा. २००२ मध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी उजव्या हाताने कामं करणाऱ्या लोकांना डाव्या हाताच्या बोटांनी एक क्रम टाइप करायला शिकवला, म्हणजे जवळजवळ आपलाच फ्रेटवरचा हात. रात्रभर झोपल्यावर, मध्ये काहीही सराव न करता, वेग सुमारे २० टक्के वाढलेला दिसला. तेवढेच तास जागेपणी गेले तर तसं झालं नाही. या वाढीतला काही भाग नुसता थकवा उतरल्याचा आहे, असं नंतरच्या संशोधकांनी दाखवलं, तेव्हा २० टक्क्यांना फार चिकटून बसू नये.

मग तुम्ही विचाराल, झोपेने पक्कं होतं तर आमची एफ झोपेत का जाते? जात नाही. कालच्या सुरुवातीशी आजची सुरुवात ताडून पाहा, थोडी तरी वर असते. आपण आजची सुरुवात कालच्या शेवटाशी ताडतो, म्हणून गेल्यासारखी वाटते.

दुरुस्ती ४: फोन उलटा ठेवा

फोनवर टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते दाखवणारं टिपण) समोर ठेवून वाजवणं म्हणजे पुस्तकात बघून पाढे म्हणणं. आमची आजी पाढे म्हणून घेताना पुस्तक स्वतःच्या मांडीवर ठेवायची. सतरा सक अडलं की लगेच सांगायची नाही, वाट बघायची. घोकंपट्टीला आपण उगाच सरसकट नावं ठेवतो. बघून घोकणं आणि न बघता म्हणून दाखवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांवर हेच तपासलं: उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने पाहिलं तर वाचून मग न बघता लिहून काढणारे पुढे होते.

म्हणून आधी फोन पालथा. कडव्यातल्या कॉर्ड आठवतील तशा वाजवा, अडलात तर दहा सेकंद तसेच अडकून राहा. मगच सुलटा करून बघा. चुकीचं आठवलं तरी चालेल, लगेच तपासलं म्हणजे झालं.

दुरुस्ती ५: मुखडा सोन्याचा, अंतरा गंजलेला

चुकलं की आपण काय करतो? गाणं पहिल्यापासून. त्यामुळे मुखडा रोज वीस वेळा वाजतो आणि जिथे घोडं अडतं तो अंतऱ्याचा बदल पाच वेळा, तोही चुकीचाच.

टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांनी १७ पियानोवादकांना शोस्ताकोविचच्या एका कॉन्चेर्टोतला छोटा तुकडा सरावासाठी दिला आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतला. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. किती वेळ सराव केला, किती वेळा वाजवलं, यावर दुसऱ्या दिवशीचा क्रमांक ठरला नाही. वरच्या क्रमांकाचे वादक सुरुवातीला चुकत नव्हते असंही नाही. पण चूक झाली की ते नेमकी जागा पकडायचे, तेवढाच तुकडा घ्यायचे, वेग कमी करायचे आणि तीच चूक पुन्हा होऊ द्यायचे नाहीत.

एफच्या बाबतीत नेमकी जागा पकडणं म्हणजे काय? ‘एफ लागत नाही’ ही तक्रार झाली, निदान नव्हे. कॉर्ड धरा आणि सहाही तारा एकेक करून छेडा. बहुधा पाच ठीक असतात आणि एकच मुकी. पहिली (सर्वांत बारीक) किंवा दुसरी मुकी असेल तर तर्जनी पाहा, तर्जनीच्या पेराची घडी नेमकी त्या तारेवर आलेली असते आणि घडीच्या खोलगट जागी तार दबतच नाही. जोर वाढवून उपयोग नाही, बोट दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवा. तर्जनी सपाट ठेवू नका, अंगठ्याच्या बाजूला किंचित कलती करा, तिथे हाड लागतं आणि मांस मध्ये येत नाही. बोट फ्रेटला खेटून हवं, दोन फ्रेटच्या मधोमध नको. तिसरी तार मुकी असेल तर मधलं बोट आडवं झालंय. अंगठा मानेच्या मागे साधारण मधल्या बोटासमोर. आणि चिमटा काढल्यासारखं दाबू नका. कोपर मोकळं सोडून हाताच्या वजनाने किंचित मागे ओढलं तर निम्मा जोर वाचतो.

एवढं करूनही पहिल्या फ्रेटवर लागत नसेल तर तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा. तिथे तार मऊ लागते. तिथून रोज एकेक घर खाली या.

पहिल्या फटक्याचा आकडा तीन आठवडे जागचा हलत नसेल तर मेट्रोनोम साठवरून चाळीसवर आणा. तरीही नाही, तर एखाद्या शिकवणाऱ्याला प्रत्यक्ष हात दाखवा, व्हिडिओला तुमचं मनगट दिसत नाही. बोटांची टोकं दुखणं ठीक आहे, मनगटात किंवा पोटरीसारख्या हाताच्या फुगीर भागात कळ आली, मुंग्या आल्या, तर त्या दिवशी गिटार खाली.

घरी जमतं, लोकांत जात नाही

हा वेगळा बिघाड वाटतो, पण नात्यातलाच आहे.

गेल्या वर्षी सोसायटीच्या कोजागरीला गच्चीवर मला वाजवायला सांगितलं. वहीतला आकडा तेव्हा आठपैकी सात होता, त्यामुळे मी निर्धास्त. सतरंजीवर मांडी घालून बसलो, आणि पहिलीच एफ मुकी. दुसरीही. मसाला दुधाचे पेले हातात घेऊन सगळी बिल्डिंग बघतेय आणि मी गुडघ्यावर गिटार टेकवायला जागा शोधतोय. नंतर लक्षात आलं: घरी मी एकाच प्लॅस्टिकच्या स्टुलावर, एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली बसून सराव केला होता. मांडी घालून बसलं की मानेचा कोन बदलतो, मनगट जास्त वळतं. मला एफ येत नव्हती, मला स्टुलावरची एफ येत होती.

कर आणि बूथ या संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांना छोट्या पिशव्या निशाण्यावर टाकायला दिल्या. एका गटाने तीन फुटांवरूनच सराव केला, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून. बारा आठवड्यांनी चाचणी घेतली तीन फुटांवरून, आणि त्या अंतरावरून कधीच न टाकलेला दुसरा गट सरस ठरला.

तेव्हापासून मी पट्टा लावून उभ्याने वाजवतो, जमिनीवर बसून वाजवतो, टीव्हीवर बातम्या चालू असताना वाजवतो, मेहुण्याची रुंद मानेची गिटार मागून आणतो. आकडा लगेच सातवरून चारवर आला. आज सकाळचा सहा आहे, जमिनीवर मांडी घालून. उरलेल्या दोन एफमध्ये दुसरीच तार मुकी होती, म्हणजे घडीच. उद्या तर्जनी जरा वर सरकवून बघतो.